गोळीची आठवण द्या, रोगाची चौकशी नको

एचआयव्हीची औषधं चालू असलेला माणूस एखाद्या महिन्यात गोळ्या आणायला गेला नाही, की घरातून पहिला शब्द येतो ‘बेफिकीर’. याला स्वतःच्याच जिवाची पर्वा नाही, आम्ही किती मागे लागायचं, असं बायको म्हणते, भाऊ म्हणतो, वैतागलेली आई म्हणते. पुष्कळदा ते खरंही असतं. माणसं गोळ्यांना कंटाळतात, दारूत अडकतात, अंगात ताकद आली म्हणून बरं झालो असं समजतात. पण काहींच्या बाबतीत कारण वेगळं असतं. त्यांना गोळी घ्यायची असते, तारीख पाळायची असते, आणि तरी ते जमत नाही, कारण ज्या मेंदूनं हे सांभाळायचं तोच मंदावलेला असतो. ही गोष्ट नाशिकमध्ये, आणि खरं तर महाराष्ट्रभर, फार थोड्यांना ठाऊक आहे. देशातले सर्वाधिक एचआयव्ही बाधित आपल्या राज्यात आहेत, म्हणून ती आपण नीट समजून घेतली पाहिजे.

एचआयव्हीचा विषाणू शरीरात शिरल्यावर काही आठवड्यांतच मेंदूपर्यंत पोचू शकतो. विचार करणाऱ्या चेतापेशींना तो सहसा थेट धरत नाही. मेंदूत राखण करणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये तो ठाण मांडतो आणि त्यातून बारीक सूज धुमसत राहते. औषधं नव्हती त्या काळात आजार वाढलेली काही माणसं शेवटी अगदी भ्रमिष्ट होऊन जात. भारत सरकारनं १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधं सुरू केली, पुढे २०१७ पासून निदान होताच उपचार हे धोरण आलं, आणि तो भयंकर प्रकार आता क्वचित दिसतो. सौम्य प्रकार मात्र उरला आहे. तो नेमक्या किती जणांत असतो यावर तज्ज्ञांत वाद आहे. जुन्या निकषांनी आकडा निम्म्यापर्यंत जायचा, आज अनेकांना तो फुगलेला वाटतो. आकड्याचा वाद तज्ज्ञांनी घालावा. आपल्यापुरतं इतकं खरं की अशी माणसं आहेत, आणि २००४ च्या सुमारास पस्तिशीत औषधं सुरू केलेला माणूस आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. वयाबरोबर येणारं बीपी, साखर, विसराळूपण हे सगळं त्याच्या वाट्याला येतंच, त्यात ही भर.

विसरणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नातवाचं नाव विसरलेले आजोबा येतात. इथे चित्र तसं नसतं. इथे आधी वेग जातो. माणसाला बोललेलं समजतं, पण उत्तर द्यायला तो वेळ लावतो. एका वेळी दोन कामं त्याला झेपत नाहीत. ज्या कामात पाच-सहा पायऱ्या असतात तिथे मधलीच एक गळते. द्राक्षबागेत वर्षानुवर्षं फवारणी केलेला गडी औषधाचं माप चुकवतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यात मशीनवरचा माणूस सेटिंग बदलताना अडखळतो. आडगावच्या ट्रक टर्मिनसवरचा चालक नेहमीच्या रस्त्यावर वळण चुकवतो, दुकानदार सुटे पैसे मोजताना दोनदा थांबतो. हात थोडे जड होतात, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. आणि सगळ्यांत फसवं लक्षण म्हणजे उत्साह जातो. पूर्वी गणपतीत धावपळ करणारा माणूस ओट्यावर नुसता बसून राहतो. घरचे म्हणतात आळशी झाला. शेजारी म्हणतात दारू घेत असेल.

या प्रकारात एक दिलासा आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्याच्यावरच उभं आहे. अल्झायमरमध्ये नवी गोष्ट मेंदूत नीट साठतच नाही, म्हणून आठवण करून देऊनही फारसा उपयोग होत नाही. एचआयव्हीमुळे आलेल्या मंदपणात गोष्ट बहुतेकदा साठलेली असते, फक्त वेळेवर बाहेर येत नाही. कोठारात धान्य आहे, पण किल्ली सापडायला उशीर होतो, असं समजा. म्हणून खूण दिली की आठवतं. ‘आज गुरुवार, दवाखान्याची फेरी ना?’ एवढा एक प्रश्न पुरतो. ज्या आजारात शेजाऱ्याचा एक प्रश्न उपयोगी पडतो, त्या आजारात शेजाऱ्यानं गप्प बसणं मला पटत नाही.

पण इथेच अडचण येते. गोळीची आठवण करून द्यायची तर कुठली गोळी, कशाची, हे कळायला नको का? आणि ते कळलं तर गल्लीत पसरायला किती वेळ लागतो, हे पंचवटीच्या वाड्यात राहिलेल्याला किंवा सिडकोच्या चाळवजा घरांत वाढलेल्याला सांगायला नको. लोक या भीतीनं डबीवरचं लेबल सोलून टाकतात, गोळ्या पिठाच्या डब्यात लपवतात, जवळचं केंद्र सोडून लांबच्या तालुक्यातून औषध आणतात. ज्याचा मेंदू शाबूत आहे त्याला ही लपवाछपवी कशीबशी झेपते. ज्याचा मंदावला आहे त्याला लपवलेली डबीच सापडत नाही.

माझं उत्तर सरळ आहे. रोग एकाला कळू द्या, मंदपणा दहा जणांना. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात.

आधी त्या एका माणसाबद्दल, म्हणजे सोबत्याबद्दल. तो कोण असावा हे बाधित व्यक्तीनं स्वतः ठरवायचं, आणि डोकं ठीक चालत असतानाच ठरवायचं. नवरा किंवा बायको असेलच असं नाही. पुष्कळदा थोरली मुलगी, मामेभाऊ, जुना मित्र, त्याच आजारातून गेलेला दुसरा कुणी अधिक उपयोगी ठरतो. त्याला एकदा एआरटी केंद्रात समुपदेशकाकडे सोबत नेऊन बसवा. केंद्राचं उपचारांच्या नोंदींचं हिरवं पुस्तक घरात कुठे ठेवलंय, पुढची तारीख कोणती, व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची, तपासणी शेवटची कधी झाली, एवढं त्याला माहीत हवं. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, एआरटी केंद्र आहे. पेठ-सुरगाण्याकडून पहाटेची एसटी धरून येणाऱ्यांना हा रस्ता नवा नाही, पण एकट्यानं यायला जड जातं. तब्येत स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, ते विचारून घ्या. गोळ्या संपायला आल्या आणि माणूस परगावी अडकला असेल, तर तिथल्या एआरटी केंद्रात हिरवं पुस्तक दाखवून मधल्या दिवसांची सोय करता येते. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पर्वण्यांच्या दिवशी शहरातले रस्ते बंद असणार, हे धरून त्या काळाचा साठा आधीच घेऊन ठेवण्याबद्दल आतापासून केंद्रात बोललेलं बरं.

आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी असते. तीन औषधं एकत्र असलेली ही टीएलडी गोळी पूर्वीच्यापेक्षा सोपी आहे. आधीच्या गोळीतल्या एफाव्हिरेन्झनं काहींना रात्री विचित्र स्वप्नं पडत, सकाळी डोकं जड राहत असे. कुणाकडे अजून जुनीच गोळी चालू असेल आणि असा त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. मंदावलेल्या माणसाचा घोटाळा दोन्हीकडून होतो: गोळी राहून जाते, किंवा घेतल्याचं विसरून दुसऱ्यांदा घेतली जाते. यावर औषधाच्या दुकानात मिळणारा सात खणांचा डबा पुरतो. दर रविवारी सोबत्यानं भरायचा. खण रिकामा म्हणजे गोळी घेतली, त्यात वाद नाही. लेबलाची भीती उरत नाही आणि तसला डबा बीपीच्या कितीतरी पेशंटकडे असतो, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांवरही येत नाही. एखाद्या दिवशी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

आणखी एक गोष्ट घरोघरी चुकते. पोटात जळजळ झाली की आपल्याकडे अ‍ॅसिडिटीची पांढरी गोळी किंवा गुलाबी औषध सहज घेतलं जातं. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे टीएलडीतलं डोल्युटेग्राव्हिर रक्तात पुरेसं जात नाही. एचआयव्हीची गोळी अशा औषधाच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जेवणाबरोबर टीएलडीसोबत चालतात, उपाशीपोटी एकत्र चालत नाहीत. मधुमेहाचं मेटफॉर्मिन किंवा टीबीचं औषध सुरू झालं तर ते एआरटीच्या डॉक्टरांना लगेच कळलं पाहिजे, कारण त्यानुसार डोस बदलावे लागतात. हे सगळं लक्षात ठेवणं ठणठणीत माणसालाही जड जातं. म्हणून ते सोबत्याच्या मोबाइलमध्ये लिहिलेलं असावं.

आता बाकीचे दहा जण, म्हणजे तुम्ही-आम्ही. आपल्याला रोगाचं नाव कळायची काहीच गरज नाही. शेजारच्या काकांना आताशा सुचत नाही, एवढं पुरे. किराणावाल्यानं यादी कागदावर लिहून घ्यावी आणि पैसे त्यांच्यासमोर मोजून परत द्यावेत. सोसायटीच्या वॉचमननं गॅस चालू राहिल्याचा वास आला तर बेल वाजवावी. बँकेतल्या माणसानं काउंटरवर घाई करू नये; आणि अनोळखी कुणी सोबत येऊन सही करायला लावत असेल तर एकदा घरी फोन करायला सांगावं, कारण अशा माणसांना लुबाडणारे भेटतात. आशाताईंनी फेरी मारताना ‘औषध घेतलं का’ हा प्रश्न बीपीवाल्याला विचारतात त्याच आवाजात विचारावा. बचत गटाच्या बैठकीत एखादी बाई हिशेबात चुकू लागली तर तिच्याकडून वही काढून न घेता शेजारी दुसरीला बसवावं. बोलताना एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी, उत्तर यायला थांबावं, आणि थांबताना चेहऱ्यावर वैताग आणू नये. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, हे मला मान्य आहे.

मंडळांनी जनजागृतीचे फलक लावण्यापेक्षा आपल्या गल्लीतल्या दोन एकट्या माणसांना महिन्यातून एकदा दुचाकीवर दवाखान्यात नेऊन आणलं, तर मला ते काम मोठं वाटेल. नेताना ‘कशासाठी’ विचारू नका. बाहेरच्या चहाच्या टपरीवर थांबा. आत जायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

चौकशी करण्याची खोड ज्यांना सुटत नाही त्यांच्यासाठी कायदाही आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून देशात लागू आहे. त्यानुसार, काही अपवाद वगळता, संमतीशिवाय कुणाची तपासणी करता येत नाही आणि कुणाच्या बाधेची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणारं लिखाण किंवा प्रचार केला तर तीन महिने ते दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. घरातून काढून देणंही या कायद्यात बसत नाही: बाधित व्यक्तीला आणि तिच्याबरोबर राहणाऱ्यांना राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. नवरा गेल्यावर सुनेला ‘तुझ्यामुळेच’ म्हणून माहेरी पाठवणाऱ्या घरांनी हे वाचावं. ज्या आस्थापनेत शंभर किंवा अधिक माणसं कामाला आहेत तिथे तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. औद्योगिक वसाहतीतल्या सुपरवायझरनी यातून एवढं घ्यावं की माणूस मंदावला म्हणून आधी कामावरून काढणं हा मार्ग नाही. मशीनवरून पॅकिंगला, रात्रपाळीवरून दिवसपाळीला, तोंडी सूचनेऐवजी भिंतीवर लिहिलेल्या पायऱ्या, एवढ्यानंही पुष्कळ माणसं टिकतात. फवारणीचं माप आणि ट्रकचं स्टिअरिंग मात्र डॉक्टरांनी होकार देईपर्यंत दुसऱ्याच्या हाती असावं. तिथे दयामाया उपयोगाची नाही.

एक धोका दुसऱ्या टोकालाही आहे. हे वाचून प्रत्येक विसराळूपण एचआयव्हीच्या खात्यावर टाकू नका. औषधं नीट चालू असलेल्या माणसाचं डोकं जड होण्यामागे नैराश्य असू शकतं, झोप नसणं असू शकतं, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, वाढलेली साखर, दारू, उतारवयात कमी झालेलं ऐकू येणं, जुना गुप्तरोग सिफिलिस. यातली बरीच कारणं साध्या रक्ततपासणीत सापडतात आणि उपचारांनी सुधारतात. समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘पूर्वीसारखं सुचत नाही, कधीपासून ते असं असं.’ काही मिनिटांची एक प्राथमिक चाचणी असते: बोटं झपाझप आपटायची, हाताच्या तीन हालचाली क्रमानं करायच्या, चार शब्द लक्षात ठेवून थोड्या वेळानं सांगायचे. तिच्यासाठी लिहिता-वाचता यावं लागत नाही. पुण्यात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेनं, म्हणजे तेव्हाच्या ‘नारी’नं, अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या संशोधकांबरोबर सविस्तर चाचण्या मराठी-हिंदी बोलणाऱ्यांसाठी बसवून आजार वाढलेल्या रुग्णांवर वापरल्या आहेत. म्हणजे हे दुखणं अमेरिकेत मोजून आपल्यावर लादलेलं नाही. ते आपल्या माणसांत, आपल्या भाषेत मोजलेलं आहे. या मंदपणावर खास अशी वेगळी गोळी नाही. विषाणू दाबून ठेवणारी एआरटी नियमित घेणं हाच मुख्य उपचार, आणि जोडीला चालणं, झोप, बीपी-साखरेवर लक्ष, दारू बंद, मन खचलं असेल तर त्याचे उपचार.

आणि काही वेळा थांबायचंच नसतं. काही दिवसांत वाढत गेलेली तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान ताठरणं, फिट येणं, एक बाजू लुळी पडणं, माणूस एकाएकी बरळू लागणं किंवा गुंगीत जाणं, हे हळूहळू येणाऱ्या मंदपणातलं नव्हे. मेंदूचा टीबी, बुरशीचा मेंदूज्वर किंवा दुसरा संसर्ग असू शकतो. अंगात आलं, बाहेरचं लागलं म्हणत कुठल्या बुवाकडे रात्र काढू नका. १०८ ला फोन करा आणि सोबत हिरवं पुस्तक घ्या.

सांभाळणाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडे ती बहुतेक वेळा बायकोच असते, आणि अनेकदा ती स्वतःही त्याच गोळ्यांवर असते. एकच प्रश्न दिवसात पाचदा ऐकणं, नवऱ्याची चिडचिड, त्यात कमाई बंद. तिला आठवड्यातून दोन तास मोकळे मिळावेत म्हणून कुणी शेजारीण येऊन बसली, तर त्या दोन तासांची किंमत कुठल्याही भाषणापेक्षा जास्त. पैशाच्या बाजूनं संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्ही बाधितांचा समावेश आहे. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर अर्ज तहसील कार्यालयात करायचा. बाधित पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. एसटीच्या प्रवासात सवलत मिळते, त्याचं कार्ड कसं काढायचं ते एआरटी केंद्रात कळेल. फॉर्म भरणं, झेरॉक्स, खिडकीवरची रांग हे मंदावलेल्या माणसाला डोंगराएवढं असतं. कॉलेजच्या एनएसएसच्या मुलांना काम हवं असतं. त्यांनी तहसीलच्या आवारात बसून कुठल्याही योजनेचा कुणाचाही फॉर्म भरून द्यावा. कुणाला काय झालंय ते विचारायची वेळच येणार नाही.

जन्मतःच बाधा झालेली मुलं आता विशी-पंचविशीत आली आहेत. त्यांतल्या काहींना शाळेत गणित जमलं नाही, लक्ष टिकलं नाही, आणि ‘ढ’ म्हणून ती मागच्या बाकावर गेली. त्यांना आता नोकरी हवी आहे, लग्न करायचं आहे. नियमित औषधांनी व्हायरल लोड तपासणीत सापडत नसेल इतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून एचआयव्ही पसरत नाही, हे जगभर मान्य झालेलं आहे. एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणावर झोपल्यानं, डास चावल्यानं तर तो कधीच पसरत नव्हता. तरी त्यांच्याशी बोलताना आपण दोन पावलं मागे सरतो. ते बंद करा.

एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा मोफत क्रमांक आहे. मन खचलं असेल, झोप उडाली असेल, सांभाळणाऱ्याचा धीर सुटत असेल तर टेली-मानसचा १४४१६ आहे, तोही मोफत. नाव सांगावं लागत नाही. हे दोन क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, वर कुठलंही शीर्षक न देता, आणि तुमच्या जिन्यात, दुकानात, रिक्षाच्या मागच्या सीटसमोर चिकटवा. आणि शेजारच्या ज्या माणसाला आताशा सुचत नाही, त्याला आजच विचारा, ‘दवाखान्याची तारीख कधी आहे? मी येतो सोबत.’